उजवा कोपरा

चहावरची साय ओठाला चिकटली आणि त्याच वेळी अयूबने पेपरात स्वतःचं नाव वाचलं. जटपुरा गेटजवळच्या टपरीवर तो रोज सकाळी उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि टपरीवाल्याचा पेपर चाळून परत ठेवून द्यायचा. आज टपरीवाल्याने पानाची घडी घालून पेपर त्याच्यासाठी बाजूलाच काढून ठेवला होता. हौशी नाट्यस्पर्धा, चंद्रपूर केंद्र. नेपथ्य, प्रथम: अयूब शेख. खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, की बांबूंच्या नुसत्या हालचालीतून उभं केलेलं जंगल परीक्षकांना विशेष भावलं. अयूबने ओठावरची साय बोटाने काढली, ती बोटाला चिकटली, बोट पँटला पुसलं तर पँटवर पांढरट डाग पडला. "अयूबभाऊ, नाव आलं ना बा तुमचं," टपरीवाला म्हणाला. "आजचा चाय आपल्याकडून." अयूब हसला. हसताना आपले सगळे दात दिसताहेत असं त्याला वाटलं आणि त्याने तोंड मिटून घेतलं. ते नेपथ्य त्याचं नव्हतं.

ते मंगलीचं होतं. मंगली पुंगाटी, एटापल्लीच्याही पलीकडच्या गावची, वसतिगृहात राहणारी, वर्गात सगळ्यात मागे बसणारी. अयूब ज्या संस्थेत शिकवायचा तिथे नेपथ्याचा एक वर्षाचा कोर्स होता. तेरा विद्यार्थी, एक गोदामवजा हॉल, आणि शिकवायला एकटा अयूब. तो काही शिकून सर झालेला नव्हता. मूल या गावी पडदे रंगवता रंगवता त्याचे केस पिकले, आणि झाडीपट्टीतल्या नाटकांना पडदे पुरवणारा माणूस पाहिजे म्हणून संस्थेने त्याला बोलावलं, तेव्हापासून पोरं त्याला सर म्हणायला लागली. फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरच्या खोट्या भिंतीची चौकट, कसा ठोकायचा, त्याला मागून टेकू कसा द्यायचा, मांजरपाट कसा ताणायचा, सरस कसा शिजवायचा, हे तो शिकवायचा. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा चिकटा. वड्या भिजत घालायच्या, मंद आचेवर शिजवायच्या आणि रंगात कालवायच्या, की रंग कापडाला धरून बसतो. वास मात्र असा, की नवीन पोरं पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावूनच उभी राहायची. घरी त्याची बायको सलीमा म्हणायची, "मुर्गी पकाओ, बिर्यानी पकाओ, इस घर में तो तुम्हारा सरसच पकता." अयूबला तो वास कधी आलाच नव्हता. तीस वर्षांत एकदाही नाही. आज पेपरची घडी करताना बोटं नाकाजवळ गेली आणि तो आला.

चालता चालता त्याने बोटं पुन्हा हुंगली. होताच. काल संध्याकाळी साबण लावून धुतलेले हात, आणि नखांच्या कडेने तो वास जाम बसलेला. असाच वास त्याला पडदे रंगवायला शिकवणाऱ्या जाहिद उस्तादांच्या हातांना होता, हे त्याला इतक्या वर्षांनी आठवलं, आणि ते हात डोळ्यांपुढे आले तेही जेवणाच्या ताटावर. मूलच्या राईस मिलच्या मागे उस्तादांची शेड होती. कोंड्याची धूळ ओल्या पडद्यावर बसू नये म्हणून सगळीकडून पोती लावलेली. उस्ताद सरसाची तार दोन बोटांत ताणून बघायचे, आणि त्याच बोटांनी जेवायला बसायचे. अयूब बावीस वर्षांचा होता तेव्हा त्याने पहिला अख्खा पडदा एकट्याने रंगवला. जंगलाचा पडदा. मधोमध धबधबा, दोन्ही अंगांना हरणं, खाली तळ्यात दोन राजहंस आणि मागे बर्फाचे डोंगर. एका कॅलेंडरवरून उतरवलेलं. मूलपासून खरं जंगल सायकलने तासाभराच्या वाटेवर होतं आणि त्यात ना राजहंस होता ना बर्फ, पण हा पडदा सुटला की लोक टाळ्या वाजवायचे. पडदा पुरा झाला त्या दिवशी उस्ताद उठले, त्यांनी लाल रंगाचा डबा घेतला आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, लिहिलं: जाहिद पेंटर, मूल. अक्षरांना पिवळी सावली दिली. अयूब ब्रश धुवत उभा होता. त्याने विचारलं, "उस्ताद, मेरा नाम?" उस्ताद हसले. "तेरा नाम कौन पहचानता रे? कोने में नाम उस्ताद का, बाकी पूरा परदा तेरा." मग त्यांनी त्याला घरी नेऊन पोटभर मटण खाऊ घातलं, स्वतःच्या हाताने वाढलं, आणि अयूबने ते चाटूनपुसून खाल्लं. ते मटण आज त्याच्या घशाशी आलं.

उस्ताद वाईट नव्हते, हेच तर अवघड होतं. ते वाईट असते तर अयूबने त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता. धंद्याची रीतच तशी होती. पडदा उस्तादाच्या नावाने मागवला जायचा, चेल्याच्या हाताने व्हायचा, आणि चेला पुढे उस्ताद झाला की त्याने हेच करायचं. उस्ताद वारल्यानंतर काही वर्षांनी अयूब मूलला गेला, तर तोच पडदा मिलच्या आवारात धानाच्या पोत्यांवर पसरलेला दिसला. हरणं विटली होती, धबधब्याच्या जागी भोक होतं, आणि उजवा कोपरा मात्र शाबूत होता, लालभडक. तेव्हा तिथे उभा राहून त्याने स्वतःला बजावलं होतं, की आपल्या हाताखालच्याचं नाव आपण कधी गिळायचं नाही. आपण बजावलं होतं हे त्याला आज पक्कं आठवत होतं. आणि हेही आठवत होतं की दरवर्षी कोर्सच्या पहिल्या आठवड्यात, पोरांना हसवायला, तो उस्तादांची नक्कल करून ते वाक्य म्हणून दाखवायचा. कोपऱ्यात नाव उस्तादाचं, बाकी सगळा पडदा तुमचा. पोरं हसायची. काही जण वहीत लिहून घ्यायचे. मंगलीनेही लिहून घेतलं असणार, ती सगळंच लिहून घ्यायची.

स्पर्धेचं नाटक जंगलातल्या एका नाक्यावरचं होतं. रखवालदार एकटा असतो आणि रस्त्याने कोण येतंय याची वाट बघत असतो, एवढीच गोष्ट. अयूबने मागे जंगलाचा पडदा आणि पुढे नाक्याची खोली असा बेत सांगितला होता. सगळ्यांनी तसंच कागदावर काढून आणलं. मंगलीने एक मॉडेल आणलं. पुठ्ठ्यावर उदबत्तीच्या काड्या दोऱ्याने टांगलेल्या, चाळीस-पन्नास, आणि एकही जमिनीला टेकलेली नाही.

"पान कुठी आहे यात?" अयूबने विचारलं. "जंगल काढाले सांगतलं तं तू दांड्या आणल्या."

"पान आत गेल्यावर नाई दिसत, सर," मंगली म्हणाली. "जंगल म्हंजे दूरवर काईच दिसत नाई. कोन चालून राह्यला ते आयकू येते." तिने बोटाने एक काडी हलवली. ती शेजारच्या काडीवर आपटली, ती पुढच्या, आणि बोट काढून घेतल्यावरही काड्या थोडा वेळ हलत राहिल्या. पोरं हसली. दिनेश, वर्गातला सगळ्यात हुशार समजला जाणारा, म्हणाला, "सर, इले झाडू बनवाले सांगा." अयूबही हसला होता. आज चालताना त्याला आपलं ते हसणं ऐकू आलं, ओलसर, नाकातून आलेलं.

पण मग त्याने होकार दिला. कशाला दिला हे तेव्हा त्याचं त्यालाही कळलं नाही. बांबू आणले, वरच्या आडव्या बल्ल्यांना, म्हणजे वाशांना बांधले, जमिनीपासून चार बोटं वर. ते कसे बांधायचे ते आपण दाखवलं, अशी त्याची समजूत होती. पहिल्याच दिवशी त्याने मंगलीला गाठ मारून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "हो सर," आणि त्याच्याहून लवकर दुसरी मारली, कारण घरी कुंपण बांधताना ती हीच गाठ मारत आली होती. दिवे लावून पहिली तालीम झाली. रखवालदार झालेला पोरगा बांबूंमधून चालत गेला, बांबू टकटकले, पोरगा विंगेत गेला, आणि रिकाम्या रंगमंचावर बांबू टकटकतच राहिले. अयूबच्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी छातीत काहीतरी जळलं. तीस वर्षांत आपण रंगवलेल्या एकाही जंगलात कोणी चालत गेलं नव्हतं. मत्सराला चव असते आणि ती फार ओळखीची असते. रिकाम्या पोटी पान खाल्ल्यावर येते तशी. एका पोरीचा, आणि तीही आपल्याला सर म्हणणाऱ्या पोरीचा मत्सर वाटावा, याची त्याला तेव्हाच लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दिनेश स्पर्धेचा अर्ज भरत बसला. अक्षर चांगलं म्हणून ते काम त्याच्याकडे. अयूब शेगडीवर सरस ढवळत होता. मंगली शिडीवर होती, पाठमोरी, एक सैल झालेला बांबू ओढून बांधत. "सर, इथी नेपथ्यकार लिवलं आहे," दिनेश म्हणाला. "कोनाचं नाव टाकू?" अयूब ढवळत राहिला. नाव उच्चारायला एक श्वास पुरला असता. संस्थेचे बोरकुटे सर आठवडाभर सांगत होते की यंदा बक्षीस आलं तर अयूबची जागा कायम करायला बळ येईल, हेही त्याच्या डोक्यात होतं. पण तेवढंच नव्हतं. त्याला ते जंगल पाहिजे होतं. "टाक जे टाकतेत ते," तो म्हणाला. 'माझं टाक' असं तो म्हणाला नाही. दिनेश काय टाकेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने तोंड स्वच्छ ठेवून काम करून घेतलं होतं. मंगलीचे हात थांबले का, हे त्याने वर बघून पाहिलं नाही.

संस्थेच्या दारात बोरकुटे सर उभेच होते. त्यांनी अयूबला मिठी मारली. त्यांच्या मानेला पावडर आणि घाम यांचा लगदा झाला होता आणि तो अयूबच्या गालाला लागला. "सत्कार ठेवला आहे, आत्ताच, छोटासा," ते म्हणाले. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मागे ते बांबू अजून टांगलेलेच होते. अयूबला मधल्या खुर्चीत बसवलं. बोरकुटे सर बोलायला उठले. बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी थुंकी जमायची, ती ते जिभेने आत ओढायचे आणि पुन्हा बोलायचे. अयूबसरांनी बांबूत प्राण फुंकले. अयूबसरांनी आपल्या मातीचं जंगल रंगमंचावर आणलं. अयूब त्या थुंकीकडे बघत राहिला. आपल्याला कोणीतरी आत्ता उठून खोटारडा म्हणावं असं त्याला वाटत होतं, आणि कोणी म्हणेल की काय या भीतीने तळहात ओले झाले होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतात याची त्याला शिसारी आली.

मग शाल आली. ताट घेऊन मंगली आली. ताट धरायला पोरीच लागतात, आणि साडी नेसून यायला सांगतात. तिला कोणाची तरी गुलाबी साडी नेसवली होती. ताटात शाल, नारळ आणि कुंकवाची वाटी होती. ताटाची कड धरलेल्या बोटांवर बांबूने कापल्याच्या बारीक रेघा होत्या, काही वाळलेल्या, एक ताजी. ती खाली बघत नव्हती, रुसलेलीही नव्हती. शाल उचलायला बोरकुटे सरांना सोपं जावं म्हणून तिने ताट जरा पुढे केलं, एवढंच. शालीला डांबरगोळीचा वास होता. ती खांद्यावर पडली आणि टाळ्या झाल्या. "दोन शब्द बोला, सर," दिनेश ओरडला. अयूब उठला. आता, असं तो मनाशी म्हणाला. आता नाही तर कधीच नाही. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "हे सगळ्यांचं आहे." पुन्हा टाळ्या झाल्या. बोरकुटे सर कोणाला तरी म्हणाले, बघा किती विनम्र माणूस. अयूब खाली बसला. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही, हे त्याला म्हणतानाच कळलं होतं.

लोक पांगल्यावर तो नळावर गेला आणि हात धूत राहिला. मागे पावलं वाजली. मंगली साडी बदलून आली होती, हातात खाकी पाकीट होतं.

"सर, एक सही पाहिजे होती."

मुंबईच्या नाट्यशिक्षण संस्थेचा अर्ज होता तो. तिने तो महिन्याभरापूर्वी टपालाने मागवला होता आणि तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीत, वहीत घालून जपला होता, हे अयूबला माहीत होतं. घरून तिला एक वर्षाची मोकळीक होती. वर्ष संपत आलं होतं. इथून पुढे कुठे लागली तर ठीक, नाही तर परत गावी, आणि गावी गेल्यावर कोणी तिला पुन्हा चंद्रपूर दाखवणार नव्हतं. "आजच्या टपालात टाकला तं सोमवारी पोचते," ती म्हणाली. "सोमवार शेवटचा आहे."

अयूबने हात पुसले आणि हॉलच्या टेबलावर अर्ज पसरला. नाव, गाव, वय, शिक्षण. एकेक अक्षर जपून काढलेलं. मग एक रकाना होता: अर्जदाराने स्वतंत्रपणे केलेले नेपथ्य. त्यात तिने लिहिलं होतं, नाही. त्याखाली: इतर अनुभव. त्यात लिहिलं होतं, अयूब शेख सर यांच्या नेपथ्यात बांबू बांधण्याचे काम. सोबत फोटो होता, टांगलेल्या बांबूंचा, त्याच्या मागे त्याच जपून काढलेल्या अक्षरात: नेपथ्य, अयूब शेख सर.

"हे तू काऊन लिवलं?" त्याचा आवाज त्याला परका वाटला.

"पेपरात तसंच आलं नं, सर. स्पर्धेच्या अर्जावर बी तसंच आहे." ती समजावून सांगत होती, एखाद्या म्हाताऱ्याला सांगावं तसं. "मी माह्यं लिवलं तं ते मले खोटारडी म्हनतीन."

"पण ते तुह्यं आहे."

"हो सर," ती म्हणाली.

बस, एवढंच. हो सर. गाठ दाखवली तेव्हा म्हणाली होती तसं. अयूबच्या आत सकाळपासून साचलेलं सगळं एकदम वर आलं: साय, उस्तादांच्या हातचं मटण, बोरकुटे सरांची थुंकी, नाकातून हसलेलं हसू. हे सगळं बाहेर फेकून द्यावं, आत्ता, या क्षणी, असं त्याला झालं. त्याने खिशातलं पेन काढलं. 'नाही' या शब्दावर आडवी रेघ मारली, पुन्हा मारली, अक्षर दिसेनासं होईपर्यंत गिरवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं: नाक्याचे नाटक, संपूर्ण नेपथ्य, मंगली पुंगाटी. खालच्या रकान्यातलं स्वतःचं नाव खोडलं. फोटो उलटा करून तिथलंही खोडलं. पडद्यावर काही चुकलं की तो असंच करायचा, पांढरा मारायचा आणि त्यावर पुन्हा काढायचा, आणि वाळल्यावर खालचं काही कोणाला दिसायचं नाही. हात झरझर चालत होता. लिहिता लिहिता त्याचा श्वास मोकळा झाला. उस्तादांनी जे केलं नाही ते आपण करतो आहोत असं त्याला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. खाली त्याने सही ठोकली, तारीख घातली आणि अर्ज तिच्याकडे सरकवला.

मंगलीने तो हातात घेतला नाही. ती वाकून बघत राहिली. मग तिने अर्जाच्या तळाशी, सहीच्याही खाली, एका बारीक छापील ओळीवर बोट ठेवलं. अयूबने ती वाचली. खाडाखोड केलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

"दुसरा मागवू," अयूब म्हणाला. "मी फोन लावतो. एसटीडीवरून, आत्ताच."

"याले यायले नऊ दिवस लागले होते, सर."

"मग मी चिठ्ठी लिहून देतो. काय झालं ते सगळं."

"चिठ्ठीच द्याची होती, सर, येगळ्या कागदावर. अन् स्पर्धेवाल्यायले एक." ती हळूच म्हणाली. तिने हे आधीच ठरवून ठेवलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. ती आधी सही मागायला आली होती, आणि सही घेऊन झाली की हे विचारणार होती. विचारायला धीर गोळा करत असणार. वेगळा कागद म्हणजे तो स्पर्धेवाल्यांकडे गेला असता, बोरकुटे सरांच्या टेबलावर आला असता, पेपरात छापला गेला असता. अर्जावरची रेघ चंद्रपुरात फक्त त्या दोघांनीच बघायची होती. म्हणूनच हात इतका झरझर चालला.

तिने अर्ज उचलला, फुंकर मारून शाई वाळवली आणि घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला. पाकिटावर पत्ता तिने आधीच लिहिलेला होता, तिकिटं चिकटवलेली होती. ती ते पाकीट कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखी जरा वेळ हातातच धरून उभी राहिली.

"लिवून बरं वाटलं का, सर, तुमाले?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता. सकाळपासून त्याचा चेहरा उतरलेला तिने बघितला होता आणि ती खरोखर विचारत होती. अयूब तिच्यासमोर उभा राहिला, डांबरगोळीचा वास येणारी शाल अजून खांद्यावर होती. त्याला नाही म्हणायचं होतं, पण ते खोटं झालं असतं.

"हो," तो म्हणाला.